जाऊन आणि येऊन

1972 च्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. माझी आजी तेव्हा नेवासा तालुक्यातल्या खेड्यांतून बायबल बाई म्हणून फिरायची आणि शाळेला सुट्टी असली की मला बरोबर न्यायची. नगर भागाबाहेरच्या वाचकांना बायबल बाई म्हणजे काय ते सांगायला हवं. मिशनच्या काळात सुवार्ता सांगणारे बहुतेक पुरुष, आणि पुरुषाला ओसरीच्या पुढे जाता येत नसे. चुलीपाशी, जात्यापाशी, बाळंतिणीच्या खाटेपाशी जायला बाईच हवी. म्हणून लिहितावाचता येणारी, पुष्कळदा विधवा असलेली एखादी ख्रिस्ती बाई या कामावर नेमत. महिन्याचा ठरलेला तुटपुंजा पगार, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शुभवर्तमानांच्या सुट्या पुस्तिका आणि गीतांचं पुस्तक. आजी त्या पिढीतल्या अगदी शेवटच्या बायांपैकी एक.

ती गावात शिरली की पुस्तक काढून बसली, असं मी कधी पाहिलं नाही. ती जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसायची. दळणाऱ्या बाईच्या हाताखाली खुंट्याला हात घालायचा, चार-पाच फेरे मुकाट्याने ओढायचे. मग त्या बाईने ओवी म्हणायची. नेवासा म्हणजे ज्ञानोबांचं गाव, ज्या खांबाला टेकून त्यांनी गीतेवरची टीका सांगितली तो खांब तिथेच आहे, त्यामुळे तिथल्या बायांच्या ओव्यांत ज्ञानोबा, मुक्ताई, माहेरचा भाऊ आणि पंढरीची वाट हे सगळं एकाच दमात यायचं. आजी ते मन लावून ऐकायची. पायली-दोन पायली दळण होत आलं की कधी एखादी ओवी ती स्वतः घालायची, बायबलातल्या मार्था-मरियेची, नाहीतर विहिरीवरच्या शोमरोनी बाईची. ही कोण गं बाई, असं समोरून कुणी विचारलं तर सांगायची. नाही विचारलं तर पदराने पीठ झटकून उठायची. परतीच्या वाटेवर मी म्हणायचे, आजी, आज तू काहीच सांगितलं नाहीस. ती म्हणायची, आज तिला बोलायचं होतं.

तर तो दुष्काळ. माणसं खडी फोडायला जात होती, कामावर सुकडी मिळत होती, विहिरींच्या तळाशी गाळ दिसत होता. आमच्या मंडळीकडे, म्हणजे चर्चकडे, मदतीचे दाणे आणि दुधाची पावडर आली होती. ती कुणाकुणाला नेऊन द्यायची याची यादी मंडळीच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, आजीकडे दिली, कारण कुठल्या घरात खरोखर चूल पेटत नाही हे तिला ठाऊक होतं. निघताना तिने पिशवीतलं सगळं बाहेर काढलं. पुस्तिका, गीतांचं पुस्तक, चष्म्याचं घरसुद्धा. मी म्हटलं, आजी, पुस्तक राहिलं. ती म्हणाली, "राहू दे. आज पिशवीत दाणे आहेत."

मला काही कळलं नाही. मैलभर चालल्यावर मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती थांबली. "भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नसतं, बाळा. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला देवाचं विचारू नये."

पन्नासहून अधिक वर्षं झाली. सुवार्ताप्रसारावर पुष्कळ प्रवचनं ऐकली, शिबिरं केली, संडे स्कूलच्या पोरांना शिष्य करण्याबद्दलची येशूची महान आज्ञा तोंडपाठ करायला लावली. पण या विषयाचा विचार करायला बसले की आधी ती रिकामी केलेली पिशवीच डोळ्यांपुढे येते.

"पोटासाठी बाटले" हे वाक्य नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक ख्रिस्ती पोराने शाळेच्या आवारात कधी ना कधी ऐकलेलं असतं. मीही ऐकलं. त्यात अर्धं सत्य आहे म्हणूनच ते लागतं. 1876 ते 78 चा आणि नंतर 1899-1900 चा, अशा दोन मोठ्या दुष्काळांत मिशनने माणसं जगवली, आणि त्या काळात मंडळ्यांची संख्याही वाढली. आमचे बहुतेक पूर्वज महार आणि मांग वाड्यांतून आले. पण ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, ज्याच्या पोराला शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसवतात, त्याच्या कानावर कुणीतरी घातलं की देवाने तुला आपल्या प्रतिरूपाचा केला आहे, आणि ते सांगणारा त्याच्याच तांब्यातून पाणी प्यायला, तर त्या माणसाला जे मिळालं ते निव्वळ भाकरीचं होतं असं मी कदापि म्हणणार नाही. माझ्या पणज्याने जे घेतलं ते समजून-उमजून घेतलं. त्याचा मला अभिमान आहे.

तरी आजीला दुसरी बाजूही दिसत होती, आणि ती तिने बायबलातूनच उचललेली होती. प्रेषित पौल करिंथ नगरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की आम्ही लाजेच्या गुप्त गोष्टी टाकून दिल्या आहेत, आम्ही कपटाने वागत नाही, देवाच्या वचनात भेसळ करत नाही. सत्य उघड करून प्रत्येक माणसाच्या सद्‌सद्विवेकबुद्धीपुढे उभे राहतो. त्याच पत्रात थोडं आधी तो म्हणतो, आम्ही देवाच्या वचनाचा धंदा करणारे नव्हे. शोमरोनात शिमोन नावाचा माणूस पवित्र आत्म्याची देणगी पैशाने विकत घ्यायला निघाला, तर येशूचा शिष्य पेत्र याने त्याला जागच्या जागी झिडकारलं. जे विकत घेता येत नाही ते विकत देताही येत नाही. आणि तो श्रीमंत तरुण! तो येशूपुढे गुडघे टेकतो, सार्वकालिक जीवनाचं विचारतो. मार्क मुद्दाम नोंदवतो की येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली. तरी तो खिन्न होऊन निघाला तेव्हा येशूने त्याला जाऊ दिलं. मागे धावला नाही, अट सैल केली नाही. आमच्या सुवार्तासभांत ही गोष्ट फार वेळा सांगतात, पण त्या जाऊ देण्यावर कुणी थांबत नाही.

महान आज्ञेबद्दल मला मराठी बाई म्हणून एक गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्या बायबलात मत्तयाच्या शेवटी आहे, "तेव्हा तुम्ही जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा." जाऊन. ग्रीक शिकलेल्या एका पाळकांनी आम्हाला एकदा फळ्यावर लिहून दाखवलं होतं की मुळात तिथे आज्ञार्थी क्रियापद एकच आहे: शिष्य करा. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही त्याच्याभोवतीची धातुसाधितं. इतरत्र "जा!" अशी तोफ डागल्यासारखी सुरुवात करून प्रवचनं होतात. आपलं "जाऊन" मात्र मूळ रचनेच्या अगदी कडेला बसलेलं आहे. जाणं ऐच्छिक आहे असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण भार जाण्यावर नाही, शिष्य करण्यावर आहे. बाजाराला जाऊन भाजी आण, म्हटल्यावर नुसतं बाजाराला जाऊन आलेल्या पोराला आई काय म्हणेल?

आणि शिष्य काही मैदानात तयार होत नाही. "जे काही मी तुम्हाला आज्ञापिले ते सर्व पाळायला शिकवा" हे त्याच आज्ञेचं पुढचं कलम आहे. सर्व पाळायला शिकवायचं म्हणजे क्षमा करायला शिकवायचं, आणि क्षमा करायला आधी कुणीतरी जवळ राहून आपला अपमान करावा लागतो. एकमेकांचे पाय धुवा, एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांना सोसून घ्या. नव्या करारात हे "एकमेकांना" इतक्या वेळा येतं की ते एकट्याने पाळताच येत नाही. त्याला माणसं लागतात, तीच ती, दर आठवड्याला भेटणारी, थोडी कंटाळवाणीसुद्धा. त्यालाच आपण मंडळी म्हणतो. ग्रीकमध्ये एक्लेसिया म्हणजे नगरातल्या नागरिकांची बोलावलेली सभा. ज्यांनी मराठीत त्याला मंडळी हा शब्द योजला त्यांचे मी आभार मानते. आपल्याकडे "घरची मंडळी" म्हणतात, "या मंडळी, बसा" म्हणतात. या शब्दात इमारत नाही, माणसं आहेत.

नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक वाचताना सगळ्यांची नजर पौलाच्या प्रवासांवर असते. संडे स्कूलच्या नकाशावर लाल, निळ्या, हिरव्या रेघा ओढलेल्या असतात. मला त्या रेघा जिथून निघतात तो ठिपका जास्त ओढतो. अंत्युखिया, सूरियातलं जुनं नगर.

ती मंडळी सुरू कुणी केली? नाव नाही. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या वधानंतर छळ झाला, माणसं पांगली, आणि त्यांतले काही कुप्र व कुरेने इथले लोक अंत्युखियात येऊन हेल्लेण्यांशीही, म्हणजे ग्रीक लोकांशीही, बोलले. एवढंच. कुणी पाठवलं नव्हतं, पगार नव्हता. जीव वाचवायला पळालेली माणसं नव्या गावात भाड्याची खोली शोधतात, काम शोधतात आणि शेजाऱ्याशी बोलतात. मग यरुशलेमेहून बर्णबा येतो. त्याला देवाची कृपा दिसते आणि त्याला हर्ष होतो. तो त्यांच्या चुका मोजत बसत नाही. एकट्याला झेपणार नाही हे ओळखून तो तार्सास जाऊन शौलाला, म्हणजे पुढच्या पौलालाच, शोधून आणतो आणि दोघं मिळून पूर्ण वर्षभर शिकवतात. पूर्ण वर्ष! ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा तिथेच पडलं, आणि ते बाहेरच्यांनी दिलं असणार, कारण हे लोक कोण हे त्यांना दुसऱ्या कुठल्या खणात बसवता येत नव्हतं. यहूदी म्हणावं तर तिथे हेल्लेणी, हेल्लेणी म्हणावं तर यहूदी. पुढाऱ्यांची यादीच पाहा: कुप्राचा बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, कुरेनेचा लूक्य, हेरोद राजाबरोबर वाढलेला मनाएन, आणि तार्साचा शौल. मग दुष्काळाची वार्ता आली तेव्हा याच मंडळीने, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, यहूदीयातल्या भावांना मदत पाठवली. आणि उपास-प्रार्थना चालू असताना आपल्यातली सर्वांत उपयोगाची दोन माणसं दूर पाठवायला सांगितलं गेलं, तर पाठवलीसुद्धा.

नकाशावरच्या एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. ती रेघ अंत्युखियाला परत येते. चौदाव्या अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा येतात, मंडळी जमवतात, देवाने परराष्ट्रीयांसाठी विश्वासाचं दार कसं उघडलं ते सांगतात आणि मग शिष्यांबरोबर बरेच दिवस राहतात. ज्यांनी हात ठेवून पाठवलं त्यांच्यापुढे बसून हिशेब द्यायचा. पौलालासुद्धा ते चुकलं नाही.

अंत्युखियाची दुसरी आठवण गलतीकरांच्या पत्रात आहे, आणि ती मराठी माणसाला जितकी झोंबेल तितकी जगात फार थोड्यांना झोंबत असेल. पेत्र तिथे आला तेव्हा परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसं आली आणि तो भीतीने मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी, अगदी बर्णबासुद्धा, सरकले. पौलाने सगळ्यांदेखत त्याला सुनावलं. का, तर हे लोक सुवार्तेच्या सत्याला धरून सरळ चालत नाहीत. पौलाने याला शिष्टाचाराची चूक म्हटलं नाही. पंगत मोडली तिथे सुवार्ताच मोडली, असं तो म्हणतो.

आमच्या आजोळी जुनी माणसं सांगत की पहिल्या पिढीत प्रभुभोजनाचा एक प्याला ओठांवरून ओठांवर फिरायचा तेव्हा काही जणांचे हात थरथरायचे. महाराने मांगाच्या हातून प्याला घ्यायचा आणि एखाद्या ब्राह्मण ख्रिस्त्याने दोघांच्या. त्या थरथरत्या हाताने सांगितलेली सुवार्ता कुठल्याही भाषणापेक्षा मोठी होती. आज तो प्याला लहान लहान पेल्यांत वाटला गेला आहे, त्याला आरोग्याचं कारण आहे आणि ते मला मान्य आहे. पण लग्न जुळवताना आमच्याच बाकांवर अजून दबक्या आवाजात विचारतात, मूळचे कोण? मला याची चीड येते. ज्या दिवशी आम्ही हे विचारणं सोडू त्या दिवशी आम्हाला वेगळी सुवार्तासभा घ्यावीच लागणार नाही, असं मला कितीदा वाटतं.

सभेवरून आठवलं. साधारण वीस वर्षांपूर्वी आमच्या शहरात मोठ्या मैदानावर तीन दिवसांच्या सभा झाल्या. बाहेरचे वक्ते, मोठे कर्णे, रात्री उशिरापर्यंत गायन. आम्ही सगळ्या मंडळ्यांनी खुर्च्या लावल्या, पाणी वाटलं. शेवटच्या रात्री हात वर करायला सांगितलं तेव्हा कितीतरी हात वर झाले. कार्डं भरून घेतली, नाव, पत्ता, फोन. ती कार्डं आयोजकांबरोबर गेली ती गेलीच. पुढच्या महिन्यात कुठल्याशा पत्रकात आकडा मात्र छापून आला.

त्या रात्री हात वर केलेली एक बाई पुढच्या रविवारी आमच्या उपासनेला आली. शेवटच्या बाकावर, भिंतीला लागून बसली. गीताचा क्रमांक सांगितला तेव्हा तिच्याकडे पुस्तक नव्हतं. मी तीन बाक पुढे होते. मला दिसलं होतं. पण त्या दिवशी माझ्याकडे संडे स्कूलच्या स्नेहसंमेलनाचं काम होतं, आशीर्वचन झाल्याबरोबर मी पोरांना गोळा करायला धावले. त्याच्या पुढच्या रविवारीही ती आली. मग आली नाही.

वर्षभराने ती मला बसस्टँडवर भेटली. मीच ओळख दिली, म्हटलं, तुम्ही आमच्याकडे यायचात ना? ती हसली. रागाचं काही नव्हतं तिच्या चेहऱ्यावर. म्हणाली, "आले होते ताई दोनदा. मला कुणी नावच विचारलं नाही." तिची गाडी लागली होती. ती गेली, आणि मीसुद्धा तेव्हा तिचं नाव विचारायला विसरले.

मैदानातल्या सभांवर ठपका ठेवून मी मोकळी होऊ शकत नाही. पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या दिवशी तीन हजारांची भर पडली तीही एका मोठ्या सभेतूनच. पण तिथे कृत्ये लिहिणारा लूक लगेच पुढच्या वाक्यात सांगतो की ते प्रेषितांच्या शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनांत तत्पर राहिले, घरोघरी भाकर मोडत राहिले, आणि प्रभू दररोज त्यांच्यात भर घालत राहिला. ज्यांच्यात भर घालायची ते "ते" आधी असावे लागतात. आमच्याकडे त्या बाईला ज्यात घालावं असं काही त्या दिवशी नव्हतं. इमारत होती, गायन होतं, वेळेवर सुरू झालेली उपासना होती.

सुवार्तिक हा शब्द नव्या करारात तीनच ठिकाणी येतो. एकदा फिलिप्पाला, एकदा इफिसकरांच्या पत्रात मंडळीला मिळालेल्या देणग्यांच्या यादीत, आणि एकदा तीमथ्याला, जो एका स्थानिक मंडळीचा भार वाहत होता: सुवार्तिकाचं काम कर. इफिसकरांच्या त्या यादीचं प्रयोजनही तिथेच दिलेलं आहे. पवित्र जनांना सेवेच्या कामासाठी सिद्ध करणं. म्हणजे सुवार्तिक येऊन आमच्या वतीने काम उरकून जात नाही, आम्हाला कामाला लावतो. आणि फिलिप्पाचं काम पाहावं तर ते किती हळुवार आहे. रथात बसलेला हबशी अधिकारी यशया वाचतोय. फिलिप्प विचारतो, वाचता ते कळतं का? तो म्हणतो, कुणी समजावल्याशिवाय कसं कळेल, आणि त्याला वर येऊन आपल्याजवळ बसायला विनंती करतो. मग फिलिप्प बसतो, आणि तो जिथे वाचत होता तिथूनच सुरुवात करतो. आजी जात्यापाशी नेमकं हेच करत होती.

पेत्राच्या पहिल्या पत्रात एक शब्द आहे. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते सौम्यतेने व भीडस्तपणाने द्या. भीड म्हणजे समोरच्या माणसाची जाणीव, त्याच्या घराची, त्याच्या देव्हाऱ्याची, त्याच्या म्हाताऱ्या आईची. आणि इथे आधी कुणीतरी विचारलेलं आहे. विचारावं असं आमच्या जगण्यात काही दिसायला हवं, ही त्या वाक्याची न लिहिलेली अट.

कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला ही गोष्ट आमच्याकडे सगळे सांगतात. नागपूरहून राजनांदगावला जातानाची, 1893 ची. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मला मात्र त्यानंतरची पाच वर्षं महत्त्वाची वाटतात, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची. नवरा ख्रिस्ती होऊन दूर गेला, घर मोडलं, लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या दारी राहिल्या. पुढे नगरला नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं सुटलेलं नव्हतं. टिळकांनी वाट पाहिली. जातिभेद हा देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या मनात एके दिवशी उमगलं, आणि 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी ते सगळं इतक्या निर्मळपणे लिहून ठेवलं आहे की वाचताना कुठेही कुणी कुणाला ओढल्याचा भास होत नाही. एक बाई स्वतःच्या पायांनी चालत येते.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक म्हणत. त्यांची गीतं आम्ही आजही दर रविवारी पेटी-तबल्यावर म्हणतो. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून एकत्र यायला जागा होती. 1919 मध्ये ते गेले आणि तो दरबार फार टिकला नाही. त्यांची तळमळ मला पूर्णपणे पटते. ख्रिस्त इथल्या मातीत इथल्याच माणसासारखा उभा राहावा, परदेशी कोट घालून नव्हे. पण दरबारात येणाऱ्याला आठवड्याच्या कुठल्या दिवशी कुणाच्या घरी जेवायला बसता येत होतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. पंडिता रमाबाईंनी तर इंग्लंडात 1883 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे स्वतःच कबूल केलं की तेव्हा ख्रिस्ती धर्म हाती लागला होता, ख्रिस्त अजून सापडायचा होता. केडगावला त्यांच्या मुक्ती आश्रमात शेकडो बाया-मुलींबरोबर राहताना त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलाचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. खिळे जुळवण्यापासून सगळं तिथल्या बायांनीच केलं. ते पूर्ण छापून निघालं 1924 साली, रमाबाई जाऊन दोन वर्षं झाल्यावर. ते भाषांतर एका मंडळीने एका छताखाली राहून केलेलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

धर्मांतराच्या कायद्यांवर हल्ली रोज वाद होतात आणि आमच्या घरांतही भीतीचं वातावरण असतं, ते मी लपवणार नाही. संविधानाचं 25 वं कलम सद्‌सद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. त्या निकालावर आमच्यातले पुष्कळ नाराज आहेत, त्याची कारणं आहेत. पण मी जेव्हा जेव्हा ते वाक्य वाचते तेव्हा पौल आठवतो. मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, पण वाढवलं देवाने. दुसऱ्याचं मन पालटण्याचा हक्क मला बायबलानेही दिलेला नाही. साक्ष देण्याचा दिला आहे, आणि तो मात्र मी सोडणार नाही.

बसस्टँडवरच्या त्या भेटीनंतर मी पाळकसाहेबांकडे गेले आणि रडले. ते तरुण होते, नवे होते. त्यांनी मला समजावलं नाही, एक काम दिलं. म्हणाले, ताई, तुम्ही यापुढे शेवटच्या बाकावर बसा. तेव्हापासून मी तिथे बसते. माझ्याकडे गीतांची दोन पुस्तकं असतात. गुरुवारी आमच्या गल्लीत एका घरी प्रार्थना होते आणि त्यानंतर पोहे, नाहीतर मसालेभात. शेजारच्या काही बाया येतात. कुणी मुलाच्या परीक्षेसाठी प्रार्थना सांगते, कुणी नुसती बसते. एका बाईच्या घरी सत्यनारायण होता तेव्हा तिने आम्हा सगळ्यांना बोलावलं. आम्ही गेलो, वऱ्हांड्यात बसलो, तिच्या आजारी सासऱ्यांशी गप्पा मारल्या. प्रसादाचं काय करायचं यावर आमच्यात आधी बरीच चर्चा झाली होती, पौलाने करिंथकरांना याच प्रश्नावर तीन अध्याय लिहिले आहेत. दोघी-तिघींनी घेतला नाही, नम्रपणे तसं सांगितलं. ती बाई म्हणाली, मला माहीत आहे, तुमच्यासाठी वेगळी केळी ठेवली आहेत. तेव्हा मला वाटलं, भीडस्तपणा आमच्याआधी तिलाच कळलेला आहे.

तिच्यापाशी मी येशूबद्दल बोलले का? हो, बोलले. तिने विचारलं तेव्हा. तिने बाप्तिस्मा घेतला का, असं मला आमच्यातलेच लोक विचारतात. नाही घेतला. मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करते आणि हे तिला ठाऊक आहे. योहानाच्या पहिल्या अध्यायात नथनेल शंका काढतो की नासरेथातून काही उत्तम निघू शकेल काय, तर फिलिप्प (हा येशूचा शिष्य, रथातल्या गोष्टीतला दुसरा) त्याच्याशी वाद घालत बसत नाही. म्हणतो, "येऊन पाहा." मत्तयातलं जाऊन आणि योहानातलं येऊन. आम्ही गेलो तर तिला येता येईल असं घर मागे असलं पाहिजे, आणि दार नुसतं लोटलेलं.

मागच्या वर्षी आजीची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी तिचं कामाचं रजिस्टर होतं. आडव्या छापील रकान्यांचं: गावे, भेट दिलेली घरे, ऐकणाऱ्या स्त्रिया, विकलेली पुस्तके. रकाने तिने नीट भरलेत, शाईने, आकडे सरळ रेषेत. दुष्काळाच्या त्या महिन्यांत शेवटचे दोन रकाने कित्येक दिवस कोरे आहेत. पण वही उलटी करून मागच्या बाजूने तिने शिसपेन्सिलीने दुसरी यादी केलेली होती. तिथे नावं आहेत. ती मी इथे देत नाही, त्या बायांच्या नाती-पणती आज त्याच गावांत आहेत. प्रत्येक नावापुढे चार-दोन शब्द. पोर तापाने गेलं. सासू बोलत नाही. ओवी पुरी करायची राहिली, पुढच्या खेपेस. घरात दाणा नाही, मागत नाही. हिला वाचायचं आहे. नवरा मुंबईला, पत्र नाही.

पुसट झालेल्या अक्षरांत शेवटची नोंद एका म्हाताऱ्या बाईच्या नावापुढे आहे. ती मी खिडकीशी नेऊन, वही तिरकी धरून वाचली. लिहिलं आहे, माझा खोकला ऐकून तिने आज तिच्या देवापुढे माझ्यासाठी हात जोडले.